धाकटीचे पॅनकेक: प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२५

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

वही कारखान्यातलीच आहे, मागची पंधरा-वीस पानं कोरी होती. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम तपासायला लागून पंचवीस वर्षं झाली. कास्टिंग आलं की माप, चीर, भोक, वाळू, सगळं लिहून काढायचं, ही सवयच लागली आहे. घरच्या कामाची नोंद मात्र पहिल्यांदा करतोय.

काम असं: ११ ऑक्टोबरला धाकटीला बारावं लागतं. त्या दिवशी सकाळी तिला पॅनकेक हवेत. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या घरी सगळ्या पोरींनी खाल्ले आणि ही डब्यातली भाकरी खात बसली. घरी येऊन रडली वगैरे नाही. थोरलीला फोनवर फक्त विचारत होती, "मऊ असतात काय गं ते?" मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. थोरली पुण्यात शिकते, तिनेच सांगितलं की ओट्सचे करता येतात.

मागची हकिगत एकदाच लिहून ठेवतो. दीड वर्ष धाकटीचं हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे सगळं करून झालं. जानेवारीत एका डॉक्टरांनी टीटीजी ही रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा कण काढून तपासला. सिलियाक निघाला. ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, आतल्या बाजूची मखमल झिजते आणि खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. त्यावर गोळी नाही. गहू, सातू आणि राय ही तीन धान्यं जन्मभर बंद, हाच इलाज. राय आपल्याकडे कोण खातंय, तेवढी एक सुटका.

ओट्सबद्दल डॉक्टर म्हणाले, आत्ता नको. आधी आतडं भरून येऊ दे, सप्टेंबरची तपासणी बघू आणि मग ठरवू. द्यायचे झाले तरी 'ग्लुटेनमुक्त' छापलेलेच. म्हणजे तोवर माझे नमुने मी, आई आणि कारखान्यातली पोरं खाणार.

आज मात्र सगळ्यांचं आणि तिचं ताट एकच होतं. साबुदाणा, वरी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. तिच्यासाठी वेगळा डबा नाही, वेगळा चमचा नाही. "रोज एकादशी पाहिजे होती की," म्हणाली. आई म्हणाली, "जा, विठोबाला सांग."

१३ जुलै, रविवार

रविवार पेठेत गेलो. पाऊस असा की स्कूटर कपिलेश्वर पुलावरच बंद पडायला आली. ओळखीच्या दुकानात ओट्स मागितले तर दुकानदाराने सातूचं पोतं दाखवलं. "ओट्स म्हणजे सातूच की ओ सर, नाव तेवढं इंग्लिश." हे इथे ठळक लिहितो, कारण घरातही दोघांनी हेच सांगितलंय: सातू म्हणजे बार्ली. बार्लीत ग्लुटेन असतं. ओट्स म्हणजे जई, तिकडे उत्तरेत जनावरांच्या वैरणीला लावतात ती. दोन्ही वेगळी धान्यं. या एका शब्दाच्या घोळात पोरगी आजारी पडली असती.

दुसरा सल्ला तिथेच मिळाला. "खपली न्या, खपलीला काही होत नाही." बेळगावात खपलीवर लोकांचा देवावर असावा तेवढा विश्वास. साखर वाढत नाही, पोट साफ राहतं, सगळं खपलीने होतं. पण खपली हा गहूच आहे, जुन्या जातीचा असला म्हणून त्यातलं ग्लुटेन जात नाही. जानेवारीपासून घरात हुग्गी (खपलीची खीर) बंद आहे, ती त्यामुळेच. मला हुग्गी फार आवडते, ते वेगळं.

साध्या ओट्सचं एक पाकीट घेतलं. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं की यात गहू असू शकतो.

१६ जुलै, बुधवार

ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नाही, ॲव्हेनिन नावाचं दुसरं प्रथिन असतं. बहुतेक सिलियाकवाल्यांना ते सोसतं, थोड्यांना नाही. भानगड वेगळीच आहे. आदल्या वर्षी त्याच शेतात गहू असतो, कापणीचं यंत्र तेच, ट्रक तोच, गिरणीही तीच. ओट्सबरोबर गहू-सातूचे दाणे येतातच.

ग्लुटेनमुक्त म्हणवायचं तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, हा नियम आपल्याकडेही आहे. हा आकडा डोळ्यांपुढे येईना, म्हणून संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या सोनाराकडे गव्हाचे दहा दाणे घेऊन गेलो. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग काट्याकडे. दहा दाणे, ०.४१ ग्रॅम. एक दाणा ४१ मिलिग्रॅम. त्यात दहावा हिस्सा ग्लुटेन धरलं तर ४ मिलिग्रॅम. तिला एका वेळी ५० ग्रॅम ओट्स दिले आणि त्यात गव्हाचा एक दाणा निघाला, तर किलोमागे हिशेब होतो ८०. मर्यादेच्या चौपट. एका दाण्यात!

मग रविवारी आणलेलं पाकीट कारखान्यात नेलं (घरात फोडलं नाही), जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि जेवणाच्या सुट्टीत निवडायला बसलो. आयुष्यभर तपासणी केली, ओट्स काय चीज आहे, असा माज होता. अर्धा किलोत गव्हाचे दोन अख्खे दाणे सापडले, ते न चपटता तसेच राहिलेले. ते सोपे. पण बाकी सगळ्या रुळाखालून गेलेल्या पाकळ्या. भिंग लावलं तेव्हा एका पाकळीत मधोमध खोल घडी दिसली, रंग जरा तांबूस. बाकीच्या पांढुरक्या, कडांना पीठ सुटलेलं. तशा संशयित सात काढल्या. आठवी काढायची की नाही यावर हेल्परशी वाद झाला. तो म्हणाला, "सर, ही चांगली हाय की." मला ती चांगली वाटत नव्हती. तिथेच थांबलो.

आमच्या लाइनीत नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात: तपासून माल चांगला होत नाही, वाईट माल तेवढा कळतो. इथे तर तोही कळेना. ग्लुटेनमुक्त ओट्स दोन प्रकारे करतात म्हणे: एक, बियाण्यापासून शेत, यंत्र, गिरणी सगळं वेगळं ठेवून, दोन, साधेच ओट्स यंत्राने दाण्याच्या आकार-रंगावरून निवडून. पहिल्यात माल मुळातच चांगला तयार होतो, दुसऱ्यात तो तपासून चांगला करायचा असतो. पहिल्या प्रकारचे मागवले. साध्यापेक्षा जवळजवळ तिप्पट महाग. सौ.ने पाकिटावरची किंमत बघून पाकीट देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलं.

२० जुलै, रविवार. नमुना १

श्रावण लागायच्या आत अंड्याचा एक नमुना करून घेतला. शुक्रवारपासून महिनाभर घरात अंडं येणार नाही.

मिक्सरचं नवं भांडं घेतलंय. जुन्याच्या झाकणातल्या रबरात आणि पात्याखाली काय काय अडकलंय ते टॉर्च मारून बघितलं, नकोच वाटलं. ओट्स १०० ग्रॅम दळले. फार बारीक दळू नये, बोटांना अगदी बारीक रव्यासारखं लागलं पाहिजे. त्यात एक अंडं, दूध १५० मिली, किसलेला गूळ २० ग्रॅम, पाव चमचा सोडा, मीठ.

पहिला पॅनकेक ठीक झाला. दुसरा जाड. तिसऱ्यापर्यंत पीठ डावातून पडेना, लोंबायला लागलं. आई म्हणाली, "खळ केलीस काय रे?"

२१ जुलै, सोमवार. नवं नरसाळं घेतलं. कारखान्यात प्रायमरचा पातळपणा भोकाच्या कपाने मोजतात, तशीच युक्ती. नरसाळं भरून रिकामं व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. कालवल्याबरोबर ९ सेकंद. दहा मिनिटांनी २३. वीस मिनिटांनी नरसाळं उलटं केलं तरी पीठ आतच.

कारण ओट्समधला विरघळणारा चोथा, बीटा-ग्लुकन. तो पाणी ओढून घेतो आणि जेलीसारखा होतो. गव्हाच्या पिठाला ही खोड नाही. म्हणून गव्हाच्या पॅनकेकची कृती घ्यायची आणि पीठ तेवढं बदलायचं, हे चालत नाही. आधी भिजवायचं, जेवढं पाणी ओढायचंय तेवढं ओढू द्यायचं, मग सैल करायचं, आणि सोडा अगदी शेवटी.

२३ जुलै, बुधवार. तवा

आमच्या घरचा बिडाचा तवा आईच्या लग्नातला. त्याच्यावर रोज सकाळी चपाती होते, संध्याकाळी भाकरी. बिडाचं अंग खडबडीत असतं, त्यात पन्नास वर्षांची कणीक आणि तेल बसलंय. घासून निघेल म्हणणारे भेटले. त्यांना मी बिडाचा तुकडा कापून भिंगाखाली दाखवू शकतो.

धाकटीला आत्तापर्यंत स्टीलचा वेगळा तवा होता, त्यावर भाकरी होते पण पीठ ओतलं की चिकटतं. मालकांना विचारून तव्याचं एक कोरं कास्टिंग घेतलं. लेथवर फेसिंग मारलं, म्हणजे तोंड सपाट कापून घेतलं. बीड कोरडंच कापतात, त्यातल्या ग्राफाइटचंच वंगण होतं, त्यामुळे कूलंटचा (कापताना सोडतात त्या तेलपाण्याचा) वास बसायची भीती नव्हती. तरी दोनदा सोडा घालून उकळत्या पाण्याने धुतला.

फेसिंग फार गुळगुळीत झालं. अंगात आलं होतं, आरशासारखं चकचकीत केलं. घरी आणून जवसाचं तेल लावून तापवला तर तेल थेंब-थेंब गोळा झालं, धरेना. परत नेला, ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने गोल-गोल घासून जरा खरबरीत केला. मग पाच वेळा: तेलाचं बोट, फडक्याने पुसून जवळजवळ कोरडा, धूर थांबेपर्यंत आच, गार. चौथ्या हातानंतर काळसर तांबूस रंग आला. रात्री अकराला धुराने घर भरलं तेव्हा सौ. उठून आली. "काय करूलालाय हो रात्रीचं?" मी म्हटलं, तवा. ती खिडकी उघडून परत झोपली.

जाडी ५ मिमी. तापायला आठ मिनिटं लागतात, पण एकदा तापला की आच कमी-जास्त केली तरी हलत नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज तवा चढवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. आईने हळदीच्या पानांत तांदळाच्या पातोळ्या वाफवल्या. दिंडं कणकेची, ती यंदा केलीच नाहीत. धाकटीने पाच पातोळ्या खाल्ल्या. नमुना नाही.

३ ऑगस्ट, रविवार. नमुना २, ३

श्रावण, म्हणून अंड्याशिवाय. शिवाय कॅलेंडर नीट बघितलं तर ११ ऑक्टोबर शनिवार आहे. शनिवारी आईच्या स्वयंपाकघरात अंडं शिरत नाही, म्हणजे वाढदिवसाचे पॅनकेकही बिनअंड्याचेच. हे जुलैतच बघायला हवं होतं.

नमुना २: अंड्याऐवजी पिकलेलं जवारी (गावठी) केळं कुस्करून. चव उत्तम, पण आतून ओलसर गोळा, दहा मिनिटं ठेवूनही. उंची ६ मिमी.

उंची व्हर्निअरने मोजतोय, सगळे हसतात. थोरलीने पाठवलेल्या फोटोतले पॅनकेक बोटाएवढे जाड होते, म्हणून १२ मिमी हे माप धरलंय. खाली २ मिमी सूट.

नमुना ३: केळं नाही, इसबगोल १० ग्रॅम. उंची १३! पण चावला तर रबर. कारखान्यात नेले तर एका पोराने टेबलावर टाकून उसळतोय का ते बघितलं. उसळला नाही, पण वाकलाही नाही.

१० ऑगस्ट, रविवार. नमुना ४, ५

सकाळी आईने शेजारी दुसऱ्या शेगडीवर तांदळाच्या आंबोळ्या घातल्या. एकीकडे तिच्या जाळीदार, पटापट सुटणाऱ्या. दुसरीकडे माझे गोळे. ती काही बोलली नाही, त्यामुळे जास्त लागलं.

पण बघताना एक गोष्ट कळली. घावन, धिरडं, आंबोळी, डोसा, आपल्या तव्यावरचं ओतायचं सगळं पातळ असतं. पातळ थरातला वायू वर निघून जातो, जाळी पडते, थर लगेच शिजून घट्ट होतो. धरून ठेवायला काही लागतच नाही, म्हणून तांदूळ, ज्वारी, नाचणी, डाळ, काहीही चालतं. जाड करायचं ठरवलं की पंचाईत. आत वायू अडकवून ठेवायचा आणि शिजेपर्यंत छत पडू द्यायचं नाही. गव्हात हे काम ग्लुटेनची जाळी करते. ओट्समध्ये ती जाळी नाही, जेली आहे. जेली वायू धरते, पण पाणीही सोडत नाही, म्हणून चिकट गोळा.

म्हणजे चिकटपणा कमी करायला तांदूळ आणि छत धरायला थोडंसं इसबगोल. नमुना ४ मध्ये तांदळाचं पीठ निम्मं घातलं: कोरडं, भुगा. नमुना ५ मध्ये चौथा हिस्सा, इसबगोल ३ ग्रॅम: उंची ९, आत ओलसर पण शिजलेलं. इथून पुढे याच वाटेने.

१७ ऑगस्ट, रविवार

नमुना नाही. आज लिहायचं मन नव्हतं, पण लिहितोय.

गुरुवारपासून धाकटीचं पोट दुखतंय. फुगलेलं, दोनदा उलटी. बाहेरचं काही नाही, गव्हाचा कणही नाही. ज्वारी घरच्या घरघंटीवर दळतो (गिरणीत आधी गहू दळलेला असतो, म्हणून फेब्रुवारीत हप्त्यावर घेतली). माझा संशय ओट्सवर गेला, मी पीठ उडवलं असेल, तिने चाखलं असेल. तिला विचारलं तर डोळे भरून म्हणाली, "मी खरंच हात लावला नाही पप्पा."

मग सौ. आणि मी स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढला, मसाल्याच्या डब्यापासून सुरुवात. सगळं आपलंच, घरी कांडलेलं. शेवटी हिंगाची डबी. पिवळी, छोटी, रोज बघतो ती. झाकणावर नाही, बुडाशी, चिकटपट्टीखाली: घटक. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. वाचून सौ. ओट्यालाच टेकली. आमटीत, भाजीत, ताकाला लावलेल्या फोडणीत, जानेवारीपासून रोज दोन वेळा.

हिंग नुसता फार उग्र, म्हणून तो पिठात मिसळूनच विकतात, कुणी मैद्यात, कुणी तांदळाच्या पिठात. हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी दिलेल्या यादीत बिस्किटं, शेवया, रवा, ब्रेड, सॉस, माल्टची पावडर होती. हिंग नव्हता. पण यादीला तरी काय बोलायचं? मी ओट्सचे दाणे सोनाराच्या काट्यावर मोजत बसलो आणि शेजारच्या फळीवरची डबी उलटी करून बघितली नाही.

पोट नेमकं याच आठवड्यात का दुखलं, सांगता येत नाही. चिमटीचाच हिशेब, कधी जास्त पडली असेल. तांदळाच्या पिठातला हिंग मिळेपर्यंत फोडणी लसणाची. ज्या दिवशी लसूण चालत नाही त्या दिवशी नुसती मोहरी-जिऱ्याची.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

पाच दिवस नमुने बंद, घर पाहुण्यांनी भरलंय. उकडीचे मोदक तांदळाचे, त्यामुळे घरात प्रश्न नाही. प्रश्न बाहेर. आरतीला जाईल तिथे प्रसादाचा शिरा हातावर. पोरगी "नको" म्हणते तेव्हा लोकांना राग तिच्यावर येतो. एका नात्यातल्या काकींनी आज माझ्यासमोर तिच्या तोंडाशी हात नेला. "देवाच्या प्रसादाने कुणाला काय झालंय आजवर? एवढ्याने काय होतंय की!" मी त्यांना गव्हाच्या दाण्याचा हिशेब सांगायला लागलो. ४१ मिलिग्रॅमपर्यंत आलो तेव्हा त्या उठून गेल्या.

धाकटीने मात्र शिऱ्यावरचा केळ्याचा काप मागितला नाही. वरचा तुकडा काढून खायचा नाही, हे तिला कुणी परत सांगावं लागत नाही.

७ सप्टेंबर, रविवार. नमुना ८

मधले दोन सोडले, सांगण्यासारखं काही नाही. (नमुना ६ मध्ये बेकिंग पावडर वापरली. डबीवर नुसतं 'स्टार्च' लिहिलंय, कशाचा ते नाही. हिंगानंतर असलं नुसतं लिहिलेलं आता चालत नाही. सोडा आणि ताकावर परत आलो.)

नमुना ८ ने माप गाठलं, ११ मिमी. लिहून ठेवतो:

ओट्सचं पीठ १२० ग्रॅम, घरघंटीवरचं तांदळाचं पीठ ४० ग्रॅम, इसबगोल ३ ग्रॅम, मीठ चिमूट. आंबट ताक २५० मिली घालून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. मग गूळ २५ ग्रॅम दोन चमचे गरम पाण्यात विरघळून, गाळून, गार करून घालायचा, वितळलेलं तूप एक मोठा चमचा. नरसाळ्यात १४-१५ सेकंद आलं पाहिजे. जास्त आलं तर चमचा-चमचा ताक. तवा तापला की मगच अर्धा चमचा सोडा, दोन चमचे ताकात कालवून पिठात, दहा वेळा ढवळायचं, अकरावं नाही. सोडा ताकाला लागल्याबरोबर फसफसतो. पाच मिनिटं थांबलं तर वायू उडून जातो.

आच: कारखान्यातली तापमानाची बंदूक आणली. तवा १८० अंशांवर बरा. २०० च्या वर गूळ करपतो, आत कच्चं राहतं. बंदूक नसेल तर पाण्याचा थेंब टाकायचा. नुसता सुकला तर कमी, गोळी होऊन पळाला तर जास्त, चुरचुरत दोन-तीन सेकंदांत उडाला तर बरोबर.

व्यास ९ सेमी, त्याहून मोठा केला की उलटताना मोडतो. वर भोकं पडायची वाट बघू नये, ओट्सला ती थोडीच पडतात. कडेची चमक गेली, बोट लावल्यावर पीठ चिकटलं नाही, की उलथणं सरळ खाली आणि एका झटक्यात उलटायचा. मग झाकण एक मिनिट, वाफेने मध्य शिजतो. झाकणाने तीन मिमी मिळाले, बाकी कशाने नाही.

एवढ्यात आठ होतात. एकात ओट्स १५ ग्रॅम.

कारखान्यातल्या पोरांनी चार खाल्ले आणि न विचारता पाचवा अर्धा-अर्धा केला. आईने लोणी आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ला. गोडाबरोबर शेंगाचटणी कशी लागते, यावर मी काही लिहीत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

टीटीजी: जानेवारीत १४८, आता ५२. या प्रयोगशाळेची मर्यादा २०. हिमोग्लोबिन ११.२. डॉक्टरांना हिंगाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आपल्या यादीच्या कागदावर पेनने खाली 'हिंग' लिहिलं आणि तोच कागद झेरॉक्सला दिला.

ओट्स: सुरू करा, पण जपून. पहिला आठवडा दिवसाला एक मोठा चमचा, मग दोन, दुखलं तर लगेच बंद. जास्तीत जास्त दिवसाला ५० ग्रॅम, सुके. डिसेंबरात परत रक्त. आकडा वर गेला तर ओट्स तिला सोसत नाहीत असं समजायचं, वरून काही दिसो न दिसो.

परत येताना स्कूटरवर मागून विचारलं, "म्हणजे हो काय?" मी म्हटलं, म्हणजे एक चमचा.

५ ऑक्टोबर, रविवार

पंधरा दिवस झाले. रोज दुधातली ओट्सची पेज, आधी एक चमचा, आता दोन. पोट ठीक, झोप ठीक. पेजेचा तिला कंटाळा आलाय, तोंड वाकडं करून खाते. चांगलं लक्षण.

आज स्वयंपाकघराची रंगीत तालीम. शनिवारी सकाळी कुणाचीही चपाती आधी होणार नाही, कणकेचा डबा शुक्रवारी रात्रीच माडीवर. ओटा दोनदा पुसायचा, फडकं नवं. लाकडी उलथणं वापरायचं नाही, ते चपातीचं. तूप नव्या बरणीतून. जुन्यात चपातीला लावलेला चमचा परत बुडतो. सौ.ने ही यादी वाचली आणि खाली लिहिलं: तुमचे हात.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे साडेपाचला तवा ठेवला. थोरली रात्रीच्या गाडीने आलेली, ओट्यावर बसून फोटो काढत होती. पहिला फुकट गेला, सोडा घालायच्या आधी तवा नीट तापला नव्हता, घाई. दुसरा सुटला. उलटल्यावर खालचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा, सगळीकडे सारखा. व्हर्निअर लावायला गेलो तर थोरलीने काढून घेतलं.

धाकटी आंघोळ करून, ओवाळून घेऊन, नव्या ताटलीत तीन घेऊन बसली. वर लोणी, पातळ गूळ. पहिल्यावर बोट दाबलं. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. दुसऱ्यांदा दाबलं. मग थोरलीकडे बघितलं आणि खायला लागली. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

तीन म्हणजे ४५ ग्रॅम. चौथा मागितला. ६० होतात. मी वहीकडे बघितलं, सौ.ने माझ्याकडे. चौथा आईच्या ताटलीत गेला. आईने त्याचा कोपरा मोडून तिच्याकडे सरकवला. तेवढा मोजला नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस लक्ष ठेवलं. पोट ठीक. आज शाळेला गेली, डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी.

ओट्सचं पाकीट संपलं. नवं आलंय, लॉट नंबर वेगळा. पहिले तीन दिवस पुन्हा एकच चमचा. तवा धुऊन, तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळून ठेवलाय, देवघराच्या वरच्या फळीवर.